गाळ साचू नये म्हणून : बालाघाटच्या ताटाचा चाळीस वर्षांचा मागोवा

१९८६ चा पोळा आमच्या घरी दणक्यात झाला. दोन दिवस चुलीवरची कढई उतरली नव्हती. उडदाचे वडे, करंज्या, पुऱ्या. पोळा झाला की तिसऱ्या दिवशी हरतालिका. आईचा उपास निर्जळी, पाण्याचा थेंबही नाही, वर रात्रभर जागरण. दुसऱ्या दिवशी गणपती बसले आणि आईने उपास सोडला तो तळणीच्या मोदकांवर. त्या रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली. आई भिंतीला पाठ लावून बसली होती, उजवा हात बरगडीखाली दाबलेला, कपाळावर घाम. कळ पोटातून निघून पाठीत, उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली जात होती. शेजारच्या काकू ओवा आणि काळं मीठ घेऊन आल्या. "पित्त झालं असन," त्या म्हणाल्या. पहाटे उलटी झाली, कळ थांबली आणि घर पुन्हा कामाला लागलं.

त्या एका शब्दाने आमची काही महिने फसवणूक केली. मराठीत पित्त खवळतं, पित्त अंगावर उठतं, पित्ताने डोकं दुखतं. छातीत जळजळलं तरी पित्तच. त्यामुळे खऱ्या पित्तरसाच्या पिशवीत दुखायला लागलं तेव्हा त्याच्यासाठी वेगळा शब्दच हाताशी नव्हता. बाजूची हिंदी बोलणारी मंडळी 'पथरी' म्हणत, पण त्यांची पथरी मूत्रपिंडातलीही आणि पित्ताशयातलीही. म्हणून कोणी कुळथीचं पाणी सांगितलं, कोणी पानफुटीची पानं. कुळथीचं पाणी मूतखड्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं, पण पित्ताचा खडा होतो वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या द्रव्याचा. लघवी वाढवून तो निघत नाही. आई मात्र श्रद्धेने रोज पेलाभर पाणी प्यायची आणि दर पंधरा-वीस दिवसांनी रात्री भिंतीला टेकून बसायची.

दिवाळीनंतर बाबांनी तिला छोट्या गाडीने गोंदियाला आणि तिथून मोठ्या गाडीने नागपूरला नेलं. सातपुड्याची ती अरुंद लाईन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकलेली. गाडी इतकी सावकाश चालायची की आईला प्रत्येक हिसका पोटात जाणवत होता. नागपूरला सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, "बाई, हे पित्त नव्हे. पित्ताच्या पिशवीत गोटे आहेत." उजव्या बरगडीखाली वीतभर छेद घेऊन पिशवी काढली, दहा दिवस दवाखान्यात गेले. निघताना त्यांनी एका लहान बाटलीत ते खडे दिले. अकरा होते. दाटीने राहिल्यामुळे एकमेकांना घासून त्यांना सपाट पैलू पडले होते, अगदी आमच्या बांधीतल्या लाखोळीच्या दाण्यांसारखे. रंगही तसाच, मातकट करडा. ती बाटली आईच्या कपाटात आजही आहे.

ते खडे झाले कसे, हे मला नीट कळायला पुढची बरीच वर्षं गेली. यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं. त्यातला काही यकृताखालच्या पिशवीत साठतो. पिशवी लहान, ३० ते ५० मिलिलिटरची, पण ती पाणी शोषून घेऊन पित्त घट्ट करते. जेवणातलं तेल-तूप लहान आतड्यात पोचलं की तिथून एक संप्रेरक सुटतं, पिशवी आकुंचन पावते आणि पित्त आतड्यात उतरून चरबी पचवायला लागतं. पित्तात कोलेस्टेरॉल असतं आणि ते विरघळलेलं ठेवणारे क्षारही. कोलेस्टेरॉल जास्त झालं किंवा पिशवी वेळेवर रिकामी झाली नाही, की खाली गाळ बसतो. त्या गाळाचे कण होतात, कणांचे खडे.

गाळ हा शब्द मी उगाच घेतला नाही. सोनोग्राफीच्या कागदावर डॉक्टर हेच म्हणतात. आणि मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या माणसाला गाळ समजावून सांगावा लागत नाही. धानाच्या बांध्यांना पाणी देणारी आमची बोडी पाटावाटे वाहती असेपर्यंत नितळ असते. पाट बंद राहिला की तळाशी चिखल धरतो. आईची पिशवी पोळ्याला तेलाने पिळून निघाली, हरतालिकेला दीड दिवस पाट बंद, आणि लगेच तळणीचे मोदक. आधीच खडे असलेल्या पिशवीने भरल्या पोटावर जोराने आवळण्याचा प्रयत्न केला आणि खडा तोंडाशी अडकला. ती कळ एका रात्रीची, पण तिची तयारी कित्येक वर्षांची होती.

त्या वर्षांत आमच्या ताटात काय काय बदललं, हे आठवून पाहिलं पाहिजे. आजीच्या वेळी तांदूळ उखळात सडायचा. त्याचा कोंडा पुरता जात नसे. धान उभं असतानाच बांधीत फेकलेली लाखोळी आणि जवस कापणीनंतर वर यायचे, त्याला आम्ही उतेरा म्हणतो. तेल घाणीचं, जवसाचं, तिळाचं, कधी मोहाच्या टोळीचं, आणि ते पळीने नाही, चमच्याने मोजलं जायचं. जिल्ह्यातल्या बैहरकडच्या गोंड-बैगा वस्त्यांत कोदो-कुटकीची पेज सकाळी, दुपारी, रानात जातानाही. भाजी अंबाडीची, धोप्याच्या पानांची, पावसाळ्यात बांबूच्या कोवळ्या वास्त्यांची. दिवसभर रोवणी, निंदणी, कापणी.

मग गिरण्या वाढल्या. वारासिवनी आणि गोंदियाचा तांदूळ पांढराशुभ्र होऊन घरी यायला लागला. पिशवीतलं सोयाबीनचं तेल स्वस्त आणि हवं तेवढं मिळू लागलं. नाश्त्याला भजी-समोसे आले, बारशा-वाढदिवसाला कढई चढली. साठ-सत्तर वर्षांपूर्वी देशात माणशी वर्षाला सुमारे ३ किलो खाद्यतेल लागत असे. २०२४ च्या नीती आयोगाच्या अहवालात तो आकडा १९.७ किलो आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद सांगते १२ किलो. म्हणजे पाच माणसांच्या घरात महिन्याला ५ किलो पुरेत, आणि आपण ८ किलोच्या वर जातो.

आजीचं ताट मला सोन्याचं करायचं नाही. त्या ताटात उपासमारही होती. भाद्रपदात घरातलं धान संपायचं आणि बायका सर्वांत शेवटी, उरलंसुरलं जेवायच्या. लांबलेली भूकही पिशवी तुंबवते. बायकांत हे खडे पुरुषांच्या दुपटी-तिपटीने आढळतात. त्यामागे स्त्री-संप्रेरकं आणि बाळंतपणं आहेत. घरात आई-बहिणीला असले तर आपल्याला होण्याची शक्यताही वाढते. ताट हे त्यातलं एकच कारण, पण आपल्या हातात असलेलं.

ताट आणि खडा यांचं नातं शोधण्याचा एक प्रयत्न आपल्याकडे फार लवकर झाला. रेल्वेचे डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या आणि १९६८ मध्ये लिहिलं की उत्तर भारतीयांत पित्ताशयाचे खडे दक्षिणेच्या सातपट आढळतात. नोकरी एक, खातं एक, पगार सारखे, फरक मुख्यतः खाण्यापिण्याचा, म्हणून त्यांनी आहाराकडे बोट दाखवलं. नेमका कुठला पदार्थ, हा वाद पुढे चालू राहिला. बालाघाट या दोन्ही भारतांच्या मधोमध आहे. आमच्याकडे भातही आहे आणि पुरीही.

उपचार मात्र झपाट्याने बदलले. पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये केली. शंभर वर्षं तीच पद्धत, मोठा छेद. १९८५ मध्ये जर्मनीतच एरिश म्यूहे यांनी दुर्बिणीतून पिशवी काढली. आपल्याकडे १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी ही वाट उघडली. आईच्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या चार वर्षांनी. २००९ मध्ये माझ्या बहिणीला हाच त्रास झाला तेव्हा गोंदियाची लाईन मोठी झाली होती आणि पोटावर चार लहान भोकं पाडून ती तिसऱ्या दिवशी घरी आली.

तिच्या डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट ऐकून आई गप्प झाली होती. पिशवी काढल्यावर पित्त यकृतातून थेट आतड्यात झिरपत राहतं. सुरुवातीचे काही आठवडे थोडं थोडं, कमी तेलाचं खावं, काहींना पातळ जुलाब होतात तेव्हा जपावं, आणि मग हळूहळू साधं घरचं जेवण पूर्ववत सुरू करावं. आई तेवीस वर्षं फोडणीशिवायची भाजी आणि कोरडी भाकर खात आली होती. कोणीतरी म्हणालं होतं, "आता जन्मभर तेल बंद," आणि तिने ते व्रतासारखं पाळलं. दुखणं गेल्यावरही भीती ताटात राहिली.

भीतीचं दुसरं टोक मी २०२१ मध्ये पाहिलं. लग्न ठरलेल्या माझ्या भाचीने तीन महिन्यांत अठरा किलो वजन उतरवलं. सकाळी काढा, दुपारी काकडी, रात्री काही नाही, तेलाचा थेंब नाही. लग्नानंतर महिन्याभरात तिच्या पोटात तीच कळ. झपाट्याने वजन घटताना शरीरातलं कोलेस्टेरॉल पित्तात उतरतं, आणि जेवणात स्निग्धच नसेल तर पिशवी आवळली जात नाही. आठवड्याला दीड किलोहून जास्त घट झाली की हा धोका वाढतो. म्हणून वजन कमी करायचं तर सावकाश, आणि जेवणात निदान दोन लहान चमचे तेल ठेवून. तेल जास्त झालं तरी खडा होतो, अजिबात नसलं तरी होतो. आमच्या घराने ही दोन्ही टोकं अनुभवली.

त्याच काळात कोणीतरी तिला लिंबू आणि ऑलिव्ह तेलाचा 'खडे पाडण्याचा' प्रयोग सांगितला. पेलाभर तेल प्यायचं आणि सकाळी हिरवट गोळे बाहेर पडतात. तसे गोळे खरोखर पडतात. २००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांची तपासणी छापून आली. ते खडे नव्हते, पोटात त्या तेलाचाच साबण झाला होता. उलट एवढ्या तेलाने पिशवी जोरात आवळली आणि खडा नळीत अडकला तर कावीळ किंवा स्वादुपिंडाची सूज येऊ शकते. लहान कोलेस्टेरॉलचे खडे विरघळवणारं औषध आहे, पण ते सगळ्यांना लागू पडत नाही आणि डॉक्टरांनीच द्यायचं असतं. खाऊन विरघळेल असा खडा मला चाळीस वर्षांत दिसला नाही.

आणि काही खड्यांचा तर ताटाशी संबंधच नसतो. मी बैहर भागात शिकवत असताना नववीतला एक मुलगा वारंवार पोट धरून बसायचा. डोळे पिवळसर. मी त्याला किती वेळा "बाहेरचं तेलकट खाऊ नको" म्हणून रागावलो असेन. त्याला सिकलसेल होता. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, सिकलसेलमध्ये ती १०-२० दिवसांतच फुटते. फुटलेल्या पेशींचं रंगद्रव्य पित्तात साठतं आणि शाळकरी मुलाच्याही पिशवीत काळे खडे होतात. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच केली होती. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि आता गावोगावी रक्त तपासलं जातं. त्या मुलाला पथ्याची नाही, एका तपासणीची गरज होती. ते रागावणं मला आजही टोचतं. आमच्या जिल्ह्यात लहान मुलाच्या पोटात खडे निघाले तर आधी सिकलसेल तपासा, ताटाला दोष नंतर द्या.

मग ताटाबद्दल चाळीस वर्षांनी मी काय सांगू? जेवण वेळेवर. सकाळची न्याहारी चुकवू नये, कारण रात्रभर साठलेलं पित्त तीच मोकळं करते. तळण सणाला, रोज नाही. फोडणी रोज, पण मोजून. भातासोबत वरण, पालेभाजी, जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे. आमच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा वास साऱ्या घराला हवासा, पण आठवड्यातून दोन-तीनदा कमी सडलेला तांदूळ किंवा कोदो ताटात यावा. चाळीस मिनिटं पायी चालावं. सोनोग्राफीत खडे दिसले पण दुखत नसतील तर घाबरून जाऊ नये. अशा शंभर जणांत वर्षाला एक ते चौघांनाच त्रास सुरू होतो. पण कळेसोबत ताप आला, थंडी वाजली, डोळे पिवळे झाले, तर ओवा-मीठ करत रात्र काढू नये, दवाखाना गाठावा.

गेल्या वर्षी हरतालिकेला माझ्या सुनेने निर्जळीचं ठरवलं. तिची पहिलीच हरतालिका. आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे. ती काही बोलली नाही, कपाटाकडे गेली आणि ती लहान बाटली घेऊन आली. सुनेच्या तळहातावर ते अकरा दाणे ओतले.

"हे काय व आजी? लाखोळी?"

"माह्या पोटातली," आई म्हणाली. "हे पाहून घे, मंग उपास धर."

सुनेने उपास धरला. दर दोन-तीन तासांनी पाणी, दूध, केळं आणि दुपारी थोडे शेंगदाणे. दुसऱ्या दिवशी गणपती बसले तेव्हा दोघींच्या ताटात दोन-दोन मोदक होते, शेजारी भात, वरण आणि अंबाडीची भाजी. भाजीला फोडणी होती आणि आईने ती आवडीने खाल्ली.