मुखवट्याआडची राणी

परवा लेकीने एक जुना अमेरिकन सिनेमा लावला, १९५८ चा ‘क्वीन ऑफ आउटर स्पेस’. शुक्रावर नुसतं बायकांचं राज्य! पृथ्वीवरून चार पुरुष तिथे जाऊन पडतात. पैशांची काटकसर इतकी, की कपडेसुद्धा ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या आधीच्या सिनेमातले. शास्त्रज्ञ झालेली झा झा गॅबोर तर पार्टीला निघाल्यासारखी नटलेली. आम्ही मायलेकी पोट धरून हसलो.

मग राणीने मुखवटा काढला आणि हसू थांबलं. पुरुषांनी केलेल्या युद्धातल्या किरणोत्सर्गाने तिचा चेहरा जळालेला. म्हणूनच तिने पुरुषांना सत्तेवरून हाकललेलं. पण सिनेमात दुष्ट कोण? तीच! शेवटी ती आगीतच मरते. १९५३ च्या ‘कॅट-विमेन ऑफ द मून’मध्येही चंद्रावरच्या बायका कपटीच.

मैत्रिणींनो, कामानिमित्त मी दवाखान्यात जळीत बायकांना भेटते. तिथेही बाहेर कुजबुज असते, ‘हिचंच काहीतरी चुकलं असेल.’ लेक म्हणाली, “आई, तिला कुणी विचारलंच नाही गं, दुखतंय का?”

आपण तरी आधी तेवढं विचारूया.