लहानपणाचे गाणे घडते कसे?

गाणे हे कवीच्या अंतःकरणातून झऱ्यासारखे आपोआप वाहत येते, अशी समजूत सुशिक्षित समाजात रूढ आहे. आम्ही गिरणगावात वाढलो. सूत कातणारा वेगळा, विणणारा वेगळा, रंगविणारा वेगळा, आणि ठाणावर शिक्का मात्र मालकाचा, हे लहानपणापासून पाहिले. त्यामुळे कोणतीही वस्तू पुढे आली की ती किती हातांतून आली हे विचारण्याची आम्हाला खोड जडली आहे. आज तीच खोड एका विलायती गाण्यावर चालवावयाची आहे.

हे गाणे म्हणजे बीटल्स मंडळींचे १९६७ सालचे ‘पेनी लेन’. पेनी लेन हा लिव्हरपूल शहरातला एक साधा रस्ता. (गाण्यानंतर चाहते त्याच्या पाट्या इतक्या पळवू लागले, की रस्त्याचे नाव भिंतींवर रंगवावे लागले!) तेथील नाक्यावर बसगाड्या बदलाव्या लागत, आणि जॉन लेनन व पॉल मॅकार्टनी ही दोन पोरे तेथे कितीदा तरी ताटकळत उभी राहिलेली. पॉलचे वडील कापसाच्या पेढीवर विक्रेते होते. ज्या लिव्हरपूलच्या भावावर एके काळी मुंबईचा कापूसबाजार वरखाली होत असे, त्याच बाजारातले. आई परिचारिका व सुईण. ती १९५६ साली वारली. दोन वर्षांनी जॉनची आई मोटारीखाली सापडून गेली.

गाण्यात यातले काहीही सांगितलेले नाही. तेथे न्हाव्याचे दुकान आहे, बँकेचा माणूस आहे, आगीच्या बंबावरचा जवान आहे, लाल फुले विकणारी परिचारिका आहे. ती फुले इंग्लंडात युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ नोव्हेंबरात विकतात. गाण्यात मात्र उन्हाळाही आहे, आणि ऊन व पाऊस एकाच वेळी! आठवणीत असेच होते. चार ऋतूंचे दिवस एकाच दुपारी येऊन बसतात. स्मरणरंजनाचा नवशिका कारागीर ‘गेले ते दिवस’ म्हणून टाहो फोडतो. कसबी माणूस नाका दाखवितो, त्यावरची माणसे कामावर असलेली दाखवितो, आणि हळहळ ऐकणाऱ्यावर सोपवितो. दोन मातृहीन मुलांनी हे साधले, याचे आम्हाला फार मोल वाटते.

आता कारखान्यात जाऊ. ध्वनिमुद्रण २९ डिसेंबर १९६६ रोजी लंडनमध्ये ॲबी रोडवरील ई.एम.आय. कंपनीच्या स्टुडिओत सुरू झाले. त्या वेळच्या फितीवर चारच पट्टे असत. पॉलने एकट्याने पियानो वाजवून पहिला पट्टा भरला, मग त्यावर दुसरा, तिसरा. चारही भरले की ते एकत्र करून दुसऱ्या फितीच्या एका पट्ट्यावर उतरवायचे, म्हणजे तीन पट्टे पुन्हा मोकळे. युक्ती नामी, पण एकदा वरणभात कालवल्यावर भात वेगळा काढता येत नाही. पहिला पियानो जरा मोठा वाजला असे पंधरा दिवसांनी वाटले, तर उपाय नाही. म्हणून यंत्रावर बसलेल्या माणसाचा कान येथे कवीच्या लेखणीइतकाच कामाला येतो.

तरीही मधली जागा रिकामी वाटत होती. ११ जानेवारीस पॉलने दूरचित्रवाणीवर बाखची एक रचना ऐकली. तीत डेव्हिड मेसन हा वादक लहानशा उंच स्वराच्या ट्रम्पेटवर वाजवीत होता. १७ तारखेस त्यालाच बोलावले. तो नऊ ट्रम्पेटे घेऊन आला. पॉल तोंडाने सूर गाऊन दाखवी, निर्माता जॉर्ज मार्टिन तो स्वरलिपीत उतरवी, मेसन वाजवी. सुमारे तीन तासांत काम संपले. मजुरी २७ पौंड १० शिलिंग.

त्या काळच्या मानाने ही मजुरी वाईट नव्हे. पण गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, आज ते ओळखले जाते ते त्याच ट्रम्पेटवरून, आणि तबकडीवर मेसनचे नाव नव्हते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतही हाच रिवाज. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचा वाद्यमेळ बांधणारे गोव्याचे सेबास्टियन डिसोझा किती श्रोत्यांना ठाऊक होते? इंग्लंडात तबकडी वाजविली गेल्याबद्दल वादकाला योग्य मोबदला मागण्याचा कायदेशीर हक्क मिळायला १९९६ साल उजाडले.

पण लिहिणारे तरी धनी राहिले काय? गाण्यांचे हक्क ‘नॉर्दर्न साँग्ज’ या कंपनीकडे होते. १९६९ साली ती ए.टी.व्ही.च्या ताब्यात गेली, आणि लेनन-मॅकार्टनी यांना ते रोखता आले नाही. १९८५ साली रॉबर्ट होम्स ए कोर्ट या ऑस्ट्रेलियन धनिकाने तो गाण्यांचा साठा मायकेल जॅक्सनला विकला. त्यातून ‘पेनी लेन’ एवढे वगळले, कारण ते त्याला आपल्या मुलीला भेट द्यावयाचे होते. दोन पोरांचा बसचा नाका, तिसऱ्याच्या लेकीचा दागिना झाला!

आपल्याकडे २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटातील गाणे चित्रपटगृहाबाहेर वापरले जाते तेव्हा उत्पन्नाचा जो वाटा गीतकाराला व संगीतकाराला मिळावयाचा, तो आता त्यांनी करारावर सही करून सोडून दिला तरी सुटत नाही.