ख्रिस्ती ध्यानप्रार्थना आणि काळाशी नाते

ध्यानप्रार्थना हा ख्रिस्ती साधनेतला शांत प्रवाह आहे. या प्रार्थनेत मागणे कमी आणि ऐकणे जास्त असते. साधक ठरल्या वेळी बसतो, बायबलमधले एखादे वचन किंवा येशूचे नाव मनात धरतो आणि देवासमोर नुसता हजर राहतो. बायबलमधील स्तोत्रसंहितेचे ९०वे स्तोत्र मोशेची प्रार्थना म्हणून ओळखले जाते. माणसाचे आयुष्य सत्तर, फार तर ऐंशी वर्षांचे, हे भान ठेवून ते आपले दिवस मोजण्याचे शहाणपण देवाकडे मागते. गेलेल्या काळाचे काय करायचे, येणाऱ्या काळाची काळजी कशी वाहायची आणि हाती असलेला क्षण कोणाचा मानायचा, हे प्रश्न म्हणून या साधनेच्या केंद्राशी आहेत. वेळ ही देवाकडून मिळालेली देणगी आहे, अशी या परंपरेची मूळ भूमिका आहे. ती अंगात मुरावी यासाठीच तिच्या सगळ्या पद्धती घडल्या.

प्रहरांची प्रार्थना

दिवस प्रार्थनेने बांधून घेण्याची रीत ख्रिस्ती मठांनी पक्की केली. इसवी सन ५३०च्या सुमारास इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्यात दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा एकत्र प्रार्थना सांगितली आहे. सगळी १५० स्तोत्रे आठवडाभरात म्हणून व्हावीत, अशी त्यांची वाटणी केलेली आहे. प्रार्थनेचा इशारा ऐकू येताच हातातले काम जिथल्या तिथे ठेवून निघावे, असे ४३वे प्रकरण सांगते. काम कितीही महत्त्वाचे असले तरी ते अर्धे सोडता आले पाहिजे, ही त्यातली शिकवण आहे. जो काम सोडू शकतो, तो कामाचा मालक राहतो.

यंत्रयुगाचा अभ्यास करणारे लुईस मम्फर्ड यांनी १९३४ साली एक लक्षवेधी मांडणी केली. दिवसाचे ठरावीक भाग पाडून माणसांना घंटेबरहुकूम चालवण्याची शिस्त युरोपात आधी मठांत रुजली आणि पुढे कारखान्यांची वेळशिस्त त्याच वळणाने घडली, असे त्यांचे म्हणणे होते. हे खरे मानले, तर कारखान्याच्या भोंग्याचे मूळ प्रार्थनेच्या घंटेत सापडते. दोघांचा हेतू मात्र उलट आहे. भोंगा माणसाला कामावर बोलावतो, तर मठाची घंटा त्याला कामातून उठवते.

मठाबाहेरच्या कुटुंबांसाठी हीच शिस्त सोपी झाली. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी घंटा वाजली की म्हणायची ‘आंजेलस’ ही छोटी प्रार्थना त्यातून सर्वदूर पसरली. वर्षालाही तसाच आकार मिळाला. नाताळापूर्वीचा आगमनकाळ वाट पाहायला शिकवतो आणि ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ मागे वळून स्वतःकडे पाहायला लावतो.

काळ असतो कुठे?

या साधनेला वैचारिक पाया दिला तो संत ऑगस्टीन यांनी. इसवी सन ४००च्या सुमारास लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाच्या अकराव्या भागात त्यांनी काळाचा विचार केला आहे. भूतकाळ निघून गेला, भविष्यकाळ अजून आला नाही आणि वर्तमान तर टिकतच नाही. मग काळ असतो कुठे? तो मनात असतो, असे त्यांचे उत्तर आहे. भूतकाळ स्मरणात, वर्तमान अवधानात आणि भविष्य अपेक्षेत असते. उदाहरण त्यांनी पाठ असलेल्या स्तोत्राचे दिले. म्हणायला सुरुवात करण्यापूर्वी सगळे स्तोत्र अपेक्षेत असते. एकेक ओळ म्हणून होते तशी ती स्मरणात जाते, आणि अवधान मधल्या ओळीवर राहते. माणसाचे अवघे आयुष्यही असेच चालते. फरक इतकाच, की आयुष्यात मन तिन्ही दिशांना ओढले जाऊन विखुरते. ऑगस्टीन यांना हे विखुरलेपणच माणसाचे दुखणे वाटते आणि देवाकडे वळल्यावर ते सांधले जाईल, असा त्यांचा विश्वास आहे.

सहाव्या शतकाच्या सुरुवातीला बोएथियस यांनी यात भर घातली. अनंतकाळ म्हणजे न संपणारी लांबण नाही. अवघे जीवन एकाच वेळी पूर्णपणे हाती असणे म्हणजे अनंतकाळ, असे त्यांनी मांडले. म्हणून ध्यानप्रार्थनेत वर्तमान क्षणाला इतके मोल आहे. माणसाला देवाची भेट घडू शकते ती याच क्षणात.

साधनेच्या पद्धती

सर्वांत जुन्या पद्धतींपैकी एक म्हणजे संथ शास्त्रवाचन. बाराव्या शतकात गिगो नावाच्या मठवासीयाने तिच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि निवांत ध्यान. यात पाने संपवण्याची घाई चालत नाही. एका वचनापाशी मन थांबले, तर साधक तिथेच थांबतो.

दुसरी पद्धत येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला पोपची मान्यता १५४८ साली मिळाली. त्यातली दिवसाची उजळणी पाच टप्प्यांत होते. आधी मिळालेल्या गोष्टींबद्दल आभार मानायचे, मग स्वतःला नीट पाहता यावे म्हणून कृपा मागायची. त्यानंतर उठल्यापासूनचा दिवस तासातासाने आठवायचा. चुकले असेल त्याची क्षमा मागायची आणि शेवटी पुढच्या दिवसासाठी निश्चय करायचा. इग्नेशियस यांची आणखी एक सूचना फार व्यवहारी आहे. तासाची प्रार्थना कोरडी जात असेल आणि उठून जावेसे वाटत असेल, तर तासापेक्षा थोडे जास्तच बसावे.

तिसरी पद्धत एकाच शब्दाची. बेनेडिक्टच्या संघातले जॉन मेन (१९२६–१९८२) हे संन्यास घेण्यापूर्वी मलायात नोकरीला होते. तिथे एका हिंदू स्वामींकडून ते ध्यान शिकले. पुढे ‘मारानाथा’ हा बायबलमधला अरामी शब्द सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक वेळी वीस ते तीस मिनिटे मनात म्हणण्याची साधना त्यांनी शिकवली. मा-रा-ना-था अशी चार अक्षरे सारख्या लयीत म्हणायची, मन भरकटले की चिडचिड न करता पुन्हा त्या शब्दावर यायचे, एवढाच तिचा नियम.

महाराष्ट्रातला प्रवाह

महाराष्ट्रात या साधनेला घरची जमीन मिळाली. ज्ञानेश्वरांची आळंदी याच भूमीत, राजगुरुनगर हे ठाणे असलेल्या खेड तालुक्यात आहे. पहाटेचा काकडा, संध्याकाळचा हरिपाठ आणि अखंड नामस्मरण यांनी इथला दिवस शतकानुशतके बांधलेला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) याच भक्तिपरंपरेचे ऋण मानत. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. त्यांच्या अभंगांमुळे आणि भजनांमुळे मराठी ख्रिस्ती मंडळींना नामाची आणि मननाची भाषा मिळाली. १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा भक्तसमुदाय सुरू केला.

टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जॅक विन्सलो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. पुढे पुण्यात शिवाजीनगरला त्याचा आश्रम उभा राहिला आणि प्रार्थना, अभ्यास व सेवा यांना एकाच दिनक्रमात जागा मिळाली. १९७०च्या दशकात तिथे कॅथलिक आणि अँग्लिकन भगिनींनी एकत्र राहून ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम चालवला. त्याच दशकात मुंबईत जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांनी पुण्यात साधना संस्था सुरू केली. ती पुढे लोणावळ्याला गेली. त्यांचे ‘साधना’ हे पुस्तक १९७८ साली आले. त्यातले पहिले धडे मौनाचे, शरीराच्या संवेदनांकडे लक्ष देण्याचे आणि श्वासाचे आहेत. मन कालच्या आठवणीत किंवा उद्याच्या बेतात रमते, पण श्वास नेहमी आत्ताच चालू असतो. त्याला धरले की मन वर्तमानात येते.

शिफ्टमधला आठवडा

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात वेळ काटेकोर मोजला जातो. पंचिंग, ओव्हरटाइम आणि लाइनवरचा सायकल टाइम यांवर दिवस चालतो. शिफ्ट बदलली की झोपेची आणि जेवणाची वेळही बदलते. पिंपरी-भोसरीकडच्या अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. ख्रिस्ती कामगाराचा उपासनेचा रविवार मग कामाचा दिवस ठरतो. कॅथलिक चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते, त्याचा अशा वेळी आधार होतो.

ध्यानप्रार्थनाही घड्याळातल्या आकड्याला चिकटून राहत नाही. दिवसाची उजळणी रात्रपाळी संपवून सकाळी घरी आल्यावरही करता येते, कारण ती जागेपणीच्या तासांची असते. एका शब्दाची साधना राजगुरुनगरहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्येही चालू शकते. अठराव्या शतकातले फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरू कोसाद शिकवत, की समोर आलेल्या क्षणाचे साधे कर्तव्य मनापासून करणे हीच देवाची भेट आहे. या शिकवणीनुसार मशीनपुढचे आठ तासही प्रार्थनेबाहेर उरत नाहीत. विश्रांतीचा दिवस पाळण्याची आज्ञाही याला धरूनच आहे. बायबलच्या अनुवाद या पुस्तकात ती आज्ञा देताना दास, दासी आणि गुरे यांनाही विसावा मिळावा असे स्पष्ट म्हटले आहे. दुसऱ्याची विश्रांती हिरावून स्वतःची प्रार्थना पूर्ण होत नाही.

मर्यादा आणि कसोटी

या साधनेबाबत चर्चने सावधगिरीही सांगितली आहे. ध्यान म्हणजे केवळ मनःशांतीचे तंत्र नव्हे, अशी सूचना व्हॅटिकनने १९८९च्या पत्रात केली. फादर डिमेलो यांच्या लेखनातल्या काही विचारांवर १९९८ साली अधिकृत आक्षेपही आले. काम जास्त व्हावे म्हणून ध्यान करणे हाही या परंपरेच्या दृष्टीने उलटा प्रवास आहे, कारण त्यात देवाला दिलेला वेळ पुन्हा हिशेबातच जातो.

खरी कसोटी सोळाव्या शतकातल्या संत तेरेसा यांनी सांगून ठेवली आहे. आजारी माणसाला मदत लागली, तर ध्यानाचा आनंद मोडतो म्हणून न कचरता उठावे आणि त्याच्याकडे जावे, असे त्यांनी ‘अंतरीचा गड’ या १५७७च्या ग्रंथात मठातल्या भगिनींना बजावले. वेळ देवाचा मानणारा माणूस तो दुसऱ्यासाठी सहज खर्च करू लागला, तर त्याची प्रार्थना खरी ठरते.