ज्वारीच्या शिवारातले पिवळे पाहुणे

मैत्रिणींनो, संक्रांतीच्या सुमारास हुरडा खायला शेतावर जाणार असाल, तर गूळ नि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर पिशवीत एक लहानशी दुर्बीणही टाका. आमच्या बीड जिल्ह्यात त्या दिवसांत ज्वारीच्या कणसांवर भारीट उतरतात, बरं का!

भारीट चिमणीहून किंचित मोठा. पूर्वी त्याला फिंच पक्ष्यांच्या कुळात धरत, आता त्याचं कूळ वेगळं मानतात. चोच मात्र तशीच जाड, दाणे फोडायची. काळ्या डोक्याचा भारीट आग्नेय युरोप, तुर्कस्तान, इराणकडून येतो. लाल डोक्याचा मध्य आशियातून. दोन्ही नरांचं पोट पिवळंजर्द. पहिल्याची पाठ तांबूस, दुसऱ्याची हिरवट.

नर ओळखता येतात. खरी परीक्षा माद्यांची! दोघीही मातकट, लांबून अगदी चिमणीच. आधी शेपटीच्या मुळाशी खालून पाहा. तिथे पिवळसर झाक असेल तर ती चिमणी नव्हे. मग पाठ न्याहाळा. तांबूस छटा दिसली तर बहुधा काळ्या डोक्याच्या नराची जोडीदारीण, हिरवट-पिवळी दिसली तर लाल डोक्याच्याची. पिसं झिजलेली असली की जाणकारही वहीत नुसतं ‘भारीट, मादी’ एवढंच लिहितात. आपणही तेवढंच लिहावं, उगीच नाव ठोकून देऊ नये.

सकाळी ऊन चढायच्या आत जा. भडक साडी नको. बांधावरच थांबा, पिकात शिरू नका, आणि आधी शेतमालकाला विचारा. आपल्याला कौतुक वाटतं, पण हा थवा त्याचे दाणे टिपत असतो. त्यानं गोफण फिरवली तर रागावू नका. वेळ असेल तर पाटोदा तालुक्यातलं नायगावचं मोरांचं अभयारण्यही पाहून या.

आणखी एक सांगते. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्याकडच्या कितीतरी बाया कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. हे पाहुणे येतात ते त्याच दिवसांत. उन्हाळा लागला की बाया परततात आणि पाखरं उडून गेलेली असतात. गावात आजीपाशी राहिलेल्या त्यांच्या लेकी मात्र शाळेत असतात. तुम्ही जाल तेव्हा त्यांतल्या दोघी-तिघींना सोबत न्या, दुर्बीण आधी त्यांच्या हाती द्या. आई परतली की तिला सांगायला त्यांच्याजवळ काहीतरी असेल.