सुई, घोडा आणि पुरावा

घोड्याला पित्ताशय नसतं. तरीही घोड्यांच्या अ‍ॅक्युपंक्चरच्या तक्त्यांत डोळ्यापासून मागच्या पायाच्या खुरापर्यंत ‘पित्ताशय वाहिनी’ काढलेली असते. कारण आज वापरात असलेले हे तक्ते विसाव्या शतकात, बरेचसे 1970 नंतर, माणसाच्या अंगावरून घोड्याच्या अंगावर उतरवले गेले. मिंग काळातल्या यू बेनयुआन आणि यू बेनहेंग या भावांचा घोड्यांच्या आजारांवरचा 1608 चा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यात टोचण्याच्या जागा दिलेल्या आहेत, पण त्यांपैकी अनेक जागी रक्त काढायचं किंवा डाग द्यायचा असे. त्यामुळे ‘हजारो वर्षांची परंपरा’ हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही.

म्हणून सुई निरुपयोगी ठरते असं मात्र नाही. सुईतून सौम्य वीजप्रवाह सोडला की घोड्याच्या मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात बीटा-एंडॉर्फिन हे शरीराचंच वेदनाशामक रसायन वाढतं, असं मोजमापातून दिसलं आहे. फ्लोरिडा विद्यापीठात 2005 साली जुनी पाठदुखी असलेल्या पंधरा घोड्यांवर प्रयोग झाला. वीजप्रवाहासह सुया लावलेल्या घोड्यांची वेदना तीन उपचारांनंतर कमी झाली. फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक औषध दिलेल्या घोड्यांत तसा फरक पडला नाही. घोडे थोडे होते, तरी हा निष्कर्ष दुर्लक्ष करण्यासारखा नाही. फिनाइलब्युटाझोन फार दिवस दिलं तर जठरात आणि मोठ्या आतड्यात व्रण होतात, आणि शर्यतीच्या घोड्याच्या रक्तात सापडलं तर तो बाद होऊ शकतो. सुईकडे लोक वळतात ते यासाठीही.

पण त्याच विद्यापीठात 2002 साली घोड्यांच्या आतड्यात फुगा फुगवून पोटशूळ निर्माण केला, तेव्हा सुयांनी वेदना हटली नाही. 2006 मध्ये पाळीव प्राण्यांवरच्या अशा सगळ्या चाचण्या तपासणाऱ्यांनाही कोणत्याच आजारासाठी ठाम शिफारस करता आली नाही, ठाम नकारही देता आला नाही.

घोड्याला उपचारावर श्रद्धा नसते, त्यामुळे त्याला वाटलेला आराम खराच असणार, असं अनेकजण सांगतात. इथे एक गोष्ट सुटते. आराम पडला की नाही, हे घोडा सांगत नाही. मालक, मोतद्दार आणि डॉक्टर सांगतात, आणि त्यांना तर आशा असतेच. लंगडणाऱ्या कुत्र्यांच्या अभ्यासात हे स्पष्ट दिसलं: पाय जमिनीवर किती जोर देतो हे यंत्राने मोजलं तेव्हा सुधारणा नव्हती, पण मालकांना मात्र ती दिसत होती. त्यातच घोडा मुळात शिकार होणारा प्राणी. दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे.

म्हणून घोड्याची पाठ दुखत असेल तर आधी खोगीर नीट बसतं का, मणके एकमेकांना घासतात का, मागच्या पायात दुखणं आहे का, हे पशुवैद्याकडून तपासून घ्यावं. निदान झाल्यावर प्रशिक्षित पशुवैद्य निर्जंतुक सुया लावणार असेल तर जोडउपचार म्हणून त्या जरूर वापराव्यात आणि चालीतला फरक मोजत राहावा. घोडा पोट दुखून लोळत असेल तर मात्र सुयांची वाट पाहू नये. आतड्याला पीळ पडला असेल तर शस्त्रक्रियेसाठी हाती काही तासच असतात.