इंग्रजीतला एक ॲपॉस्ट्रॉफी राहिला आणि फेसबुक पोस्ट कोर्टात गेली!

ऑक्टोबर २०२०. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात घरं विकणाऱ्या एका एजंटने आपल्या जुन्या मालकावर चिडून फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. मतलब असा, की हा माणूस लाखो डॉलर्सची घरं विकतो, पण कर्मचाऱ्यांचे सुपरॲन्युएशनचे पैसे देत नाही. सुपरॲन्युएशन म्हणजे साधारण आपल्याकडच्या पीएफसारखी निवृत्तीची रक्कम.

बारा तासांच्या आत त्याने पोस्ट काढूनही टाकली. पण मालकाने बदनामीचा दावा लावला.

एजंटचं म्हणणं होतं, की मी फक्त माझ्या स्वतःच्या पैशांबद्दल बोलत होतो. पोस्टमध्ये मात्र शब्द होता 'एम्प्लॉयीज', आणि त्यात ॲपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षराच्या डोक्याशी येणारं ते छोटं चिन्ह, कुठेच नव्हतं. त्यामुळे शब्द सरळ अनेकवचनी वाचला जात होता. २०२१ मध्ये न्यायाधीशांनी दावा फेटाळायला नकार दिला. त्यांचा मुद्दा असा होता, की एका माणसाचे पैसे थकणं ही दुर्दैवी बाब असू शकते. पण अनेकांचे थकले म्हटलं, की मालक ठरवून हे करतोय असा अर्थ निघतो. आणि तो आरोप खूपच मोठा आहे.

मराठीत हेच काम अनुस्वार करतो

हा घोटाळा समजायला इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक उघडायची गरज नाही. 'कर्मचाऱ्याचे पैसे थकवले' आणि 'कर्मचाऱ्यांचे पैसे थकवले' ही दोन वाक्यं वाचा. फरक फक्त एका टिंबाचा. पण पहिल्यात एक माणूस आहे, दुसऱ्यात अनेक. मराठी माणूस बोलताना यात सहसा चुकत नाही, कारण तो अनुस्वार आपल्याला ऐकू येतो.

इंग्रजीची गोची इथेच आहे. एका कर्मचाऱ्याचे म्हणायचं तर चिन्ह 'एस'च्या आधी. अनेकांचे म्हणायचं तर 'एस'च्या नंतर. नुसतं 'कर्मचारी' असं अनेकवचन हवं असेल तर चिन्हच नाही. तिन्हींचा उच्चार मात्र अगदी सारखा! कान काहीच मदत करत नाही, सगळं काम डोळ्यांवर. म्हणून इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेसुद्धा इथे सतत घसरतात.

८ मार्चला लागणारे फ्लेक्स आठवा. 'विमेन्स डे' लिहिताना अनेक ठिकाणी ते चिन्ह 'एस'च्या पुढे जाऊन बसलेलं असतं. पण 'विमेन' हा शब्द मुळातच अनेकवचनी आहे, त्यामुळे ते 'एस'च्या आधीच यायला हवं. ५ सप्टेंबरच्या 'टीचर्स डे'ला उलट: तो सगळ्या शिक्षकांचा दिवस, म्हणून चिन्ह 'एस'च्या नंतर.

दुसरी आवडती जागा म्हणजे दारावरची पाटी. 'द पाटील्स' लिहिताना मध्ये हौसेने ॲपॉस्ट्रॉफी टाकला, की अर्थ होतो 'पाटलांचं'. काय पाटलांचं, ते कळत नाही. तिथे नुसतं अनेकवचन हवंय, चिन्ह नको. ब्रिटनमध्ये भाजीच्या दुकानांतल्या पाट्यांवर ही चूक इतकी दिसायची, की तिला 'ग्रीनग्रोसर्स ॲपॉस्ट्रॉफी', म्हणजे भाजीवाल्याचा ॲपॉस्ट्रॉफी, असंच नाव पडलं.

मग 'इट्स'चं काय?

सोशल मीडियावर सगळ्यात जास्त चुकणारा शब्द बहुधा हाच. शाळेत शिकवलेलं असतं, की 'च्या-ची-चे' म्हणायचं तर ॲपॉस्ट्रॉफी एस. मग 'त्याचा रंग' लिहिताना आपण 'इट'ला तेच चिकटवतो. पण 'हिज' आणि 'हर्स' मध्ये तरी कुठे असतं ते चिन्ह? 'इट्स' त्याच कुटुंबातला. चिन्हासकट लिहिलेला 'इट्स' म्हणजे 'इट इज' किंवा 'इट हॅज'चा जोडशब्द. शंका आली तर वाक्यात 'इट इज' घालून वाचा. वाक्य बिघडलं तर चिन्ह काढा. 'युअर' आणि 'यू आर'च्या जोडरूपालाही हाच उपाय चालतो. फोनचा ऑटोकरेक्ट इथे भरवशाचा नाही, त्याला तुमच्या मनातला अर्थ माहीत नसतो.

अर्थात, कुणी 'इट्स' चुकवलं तर अर्थ सहसा कळतोच. कमेंटमध्ये जाऊन त्याची शाळा घेण्यात काही हशील नाही. खुद्द लंडनमध्ये भुयारी रेल्वेच्या 'अर्ल्स कोर्ट' स्थानकाच्या नावात ॲपॉस्ट्रॉफी आहे आणि शेजारच्याच 'बॅरन्स कोर्ट'मध्ये नाही. 'वॉटरस्टोन्स' या पुस्तकविक्रेत्या कंपनीने २०१२ मध्ये आपल्या नावातलं चिन्ह काढून टाकलं. कुणाचं काही बिघडलं नाही. पण नाव घेऊन कुणावर आरोप करताना किती जण, कुणाचे, किती वेळा हे चुकलं, तर आरोपच बदलतो. बदनामी आपल्याकडेही गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ त्यासाठीच आहे.

एक स्वल्पविराम, ५० लाख डॉलर

स्वल्पविरामाचं प्रकरण याहून महाग पडलेलं आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरी नावाची कंपनी आहे. तिच्या ट्रकचालकांनी २०१४ मध्ये ओव्हरटाइमसाठी दावा केला. राज्याच्या कायद्यात ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांची एक यादी होती: डबाबंद करणं, प्रक्रिया करणं, गोठवणं, सुकवणं, साठवणं वगैरे. यादीच्या शेवटी शब्द होते 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन', आणि 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम नव्हता.

याचे अर्थ दोन. 'पाठवणीसाठी किंवा वाटपासाठी पॅक करणं' हे एकच काम. किंवा 'पाठवणीसाठी पॅक करणं' हे एक आणि 'वाटप' हे दुसरं. चालक माल वाटत होते, पॅक करत नव्हते. म्हणजे पहिला अर्थ धरला तर ते या यादीतच बसत नव्हते आणि ओव्हरटाइम त्यांचा हक्क होता. त्यांनी आणखी एक बारकावा दाखवला: यादीतली बाकीची सगळी कामं 'आयएनजी'ने संपतात, मग एकट्या 'डिस्ट्रिब्युशन'ला वेगळं काम कसं मानायचं?

गंमत म्हणजे यादीतल्या शेवटच्या शब्दाआधी येणारा हा स्वल्पविराम, ज्याला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात, तो वापरू नका असं मेन राज्याच्या कायदे लिहिण्याच्या नियमावलीतच सांगितलेलं होतं. खालच्या कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. पण मार्च २०१७ मध्ये अपील कोर्टाने वाक्य संदिग्ध ठरवलं, आणि अशी संदिग्धता कामगारांच्या बाजूने वाचायची हा तिथला नियम. २०१८ मध्ये कंपनीने ५० लाख डॉलरवर तडजोड केली.

तोवर राज्याने कायदाही दुरुस्त करून घेतला होता. आता त्या यादीत स्वल्पविरामांच्या जागी अर्धविराम आहेत, शेवटच्या 'ऑर'च्या आधीही एक आहे, आणि 'डिस्ट्रिब्युशन'चं 'डिस्ट्रिब्युटिंग' झालंय.