सीटी स्कॅन शोधणाऱ्यांच्या नावावर निबंध किती? 'सायटेशन' आणि 'एच-इंडेक्स' म्हणजे काय, समजून घ्या

मुतखड्याचा त्रास वाढला की डॉक्टर सीटी स्कॅन काढायला सांगतात. रिपोर्टमध्ये खड्याच्या मापाशेजारी बऱ्याचदा 'एचयू' असा एक आकडा असतो. एचयू म्हणजे हाउन्सफिल्ड युनिट. यात पाणी शून्य आणि हवा उणे १००० धरतात. हाडाचा आकडा काहीशे ते हजाराच्याही वर जातो. खड्याचा आकडा मोठा असेल तर तो फुटायला साधारणपणे अवघड.

ज्यांच्या नावाने हे माप आहे ते गॉडफ्रे हाउन्सफिल्ड इंग्लंडमधल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी शेतावरच्या यंत्रांशी खटपट करायची सवय. विद्यापीठाची पदवी नाही, डिप्लोमा केलेला. ईएमआय कंपनीत ते इंजिनिअर होते. सुरुवातीच्या जुळणीत एका चित्राची मोजणी करायला नऊ दिवस लागले. पुढे खाटकाकडून बैलाचे मेंदू आणून त्यांनी प्रयोग केले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा स्कॅन झाला. त्याची माहिती देणारा निबंध १९७३ मध्ये छापून आला.

सायटेशन म्हणजे काय?

संशोधक आपलं काम निबंध लिहून छापतो. पुढे दुसरा कुणी त्या कामाचा आधार घेतो, तेव्हा आपल्या निबंधात त्याचा उल्लेख करतो. असा एक उल्लेख म्हणजे एक सायटेशन. गुगल स्कॉलरवर निबंधाखाली हा आकडा मोबाईलवरही फुकट दिसतो. मात्र 'एस. पाटील' असं नाव शोधलं तर अनेक पाटलांचे निबंध एकत्र येतात, हे ध्यानात ठेवावं.

एच-इंडेक्सचा हिशोब

ही पद्धत २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवली. गोठ्यावरून समजून घेऊ. सात म्हशी रोज १२, ९, ७, ६, ५, ३ आणि २ लिटर दूध देतात. पाच किंवा जास्त लिटर देणाऱ्या म्हशी पाच भरतात. सहा किंवा जास्त लिटर देणाऱ्या मात्र चारच आहेत, सहा भरत नाहीत. म्हणून गोठ्याचा इंडेक्स ५. म्हशीच्या जागी निबंध आणि लिटरच्या जागी सायटेशन धरा, झाला एच-इंडेक्स.

यातली अडचणही लगेच कळते. ज्याचे निबंध दोनच, त्याचा इंडेक्स दोनच्या वर जाऊच शकत नाही, मग त्यांचे उल्लेख हजारो का होईनात.

उल्लेखच झाला नाही तेव्हा

अ‍ॅलन कॉर्मॅक यांचं तसंच झालं. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या हॉस्पिटलात १९५६ मध्ये काम करताना त्यांना प्रश्न पडला, की शरीराच्या आतल्या प्रत्येक ठिकाणी क्ष-किरण किती शोषले जातात, हे बाहेरून मोजून कसं काढायचं? त्याचं गणित त्यांनी १९६३ आणि १९६४ अशा दोन निबंधांत मांडलं. पण प्रतिसाद जवळजवळ शून्य. निबंधाची प्रत मागणारं एक पत्र आलं ते स्वित्झर्लंडच्या हिमकडे अभ्यासणाऱ्या केंद्राचं! त्या काळात कुणी सायटेशन मोजून निकाल दिला असता, तर हे काम वाया गेलं असंच ठरलं असतं.

१९७९ मध्ये मात्र हाउन्सफिल्ड आणि कॉर्मॅक या दोघांना मिळून वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. दोघांकडेही पीएचडी नव्हती.

मग आकड्याला किंमत नाही का?

आहे. एखाद्याचं काम बाकीचे वापरतात की नाही, याचा तो अंदाज देतो. पण आपलेच जुने निबंध पुन्हा पुन्हा उल्लेखूनही आकडा वाढवता येतो. एखाद्या निबंधातली चूक दाखवण्यासाठी केलेला उल्लेखही त्यात मोजला जातो. वरिष्ठांचा आकडा नवख्यापेक्षा मोठा असणारच, कारण त्यांना वर्षं जास्त मिळालेली असतात.

रुग्णाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची. निबंध लिहिणं वेगळं आणि समोरची फिल्म नीट वाचणं वेगळं. जाहिरातीत 'इतके शोधनिबंध' असं दिसलं, तर ते कशावर आहेत आणि कुणाच्या उपयोगी पडले, हे विचारावं. रिपोर्टमधला आकडा कळला नाही तर डॉक्टरांकडून समजून घ्यावा. तो विचारायला लाजायचं कारण नाही.